उभ्या जनरेटरचं दुखणं

नमस्कार श्रोतेहो.

चाकांवरचा डिझेल जनरेटर तुम्ही पाहिला असेल, ट्रॉलीवर बसवलेला, गाडीमागे ओढत नेता येणारा. वर्षातले बरेच महिने तो ताडपत्रीखाली पडून असतो आणि नेमका गरजेच्या रात्री सुरू होत नाही. मग आम्हा मेकॅनिक लोकांना बोलावणं येतं. आजवर मी उघडलेल्या अशा इंजिनांत चालून चालून झिजलेली थोडी, उभ्या उभ्या खराब झालेलीच जास्त.

सुरुवात डिझेलपासून करू. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या जागेत हवा राहते. रात्री गारठा पडला की त्या हवेतली वाफ टाकीच्या पत्र्याला दवासारखी धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं. आणि जिथे पाणी नि डिझेल एकमेकांना टेकतात, तिथे जीवाणू आणि बुरशी वाढते. एकदा मी वॉटर सेपरेटरचा, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा, खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत धार धरली. खाली पाणी, वर पिवळसर डिझेल आणि मधोमध काळपट साय. बोटाला लागली तर शेवाळासारखी बुळबुळीत. मालक म्हणाले, "अहो, डिझेल तर चांगलं बघून भरलं होतं!" भरताना चांगलंच असणार. ही साय फिल्टरमध्ये अडकते आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडतं. म्हणून ठेवताना टाकी भरून ठेवा. डिझेल तापलं की फुगतं, तेवढी जागा वर सोडा. सेपरेटरमधलं पाणी अधूनमधून काढा. आणि सहा महिने ते वर्षभरात ते डिझेल वापरून टाका.

आता एक गैरसमज. "मी दर महिन्याला पाच मिनिटं चालवतो," असं लोक मोठ्या समाधानाने सांगतात. बिनालोडची, म्हणजे जनरेटरवर काहीही न लावता चालवलेली, ती पाच मिनिटं न चालवलेलीच बरी. एवढ्यात इंजिन तापत नाही, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, सिलिंडर थंड राहिल्याने डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं डिझेल काजळीबरोबर सायलेन्सरमध्ये साचतं. सायलेन्सरच्या जोडाखाली डांबरासारखा चिकट ओघळ दिसला, तर समजा की हे इंजिन बरेच दिवस उपाशी, म्हणजे लोडशिवाय चाललंय. महिन्यातून एकदा चालवा, पण अर्धा तास आणि क्षमतेच्या किमान तीस टक्के लोडवर. वीस केव्हीएचा, म्हणजे साधारण सोळा किलोवॅट क्षमतेचा, सेट असेल तर साधारण पाच किलोवॅट. हीटर, मोठे दिवे, पंप, जे हाताशी असेल ते लावा. बंद करण्याआधी लोड काढून तीन-चार मिनिटं तसाच फिरू द्या. आणि हे सगळं उघड्यावर. शेडचं दार उघडं आहे म्हणून आत चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. चाकं दिलीत ती कशासाठी? ओढा बाहेर.

ऑइलबाबत बहुतेक कंपन्या अडीचशे तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं सांगतात. लोकांना तास लक्षात राहतात, वर्ष नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेलं आम्ल असतं, ते बेअरिंगला महिनोन्‌महिने खात बसतं. म्हणून ऑइल ठेवण्याआधी बदलायचं आणि नवं घातल्यावर इंजिन थोडं फिरवायचं, म्हणजे ते सगळीकडे पोहोचतं.

बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. पूर्ण चार्ज असलेली बारा व्होल्टची बॅटरी निवांत असताना १२.६ च्या वर दाखवते, १२.४ ला आली की चार्जिंगला लावा. उतरलेली तशीच राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती पूर्वीसारखी भरत नाही.

कधी इंजिन झकास चालतं आणि व्होल्टमीटर मात्र शून्यावर. फार दिवस पडून राहिलेल्या अल्टरनेटरमधलं, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागातलं, उरलंसुरलं चुंबकत्व कधी कधी नाहीसं होतं. ते परत आणता येतं, पण त्यासाठी जाणकाराला बोलवा. तो आलाच आहे तर वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळ्यांना, ओल धरलीय का, तेही मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, बघून घ्यायला सांगा.

ट्रॉली टेकूवर उचलून ठेवा, टायर एकाच जागी दबून राहणार नाहीत. उंदरांना अल्टरनेटरच्या जाळीआड घर करायला फार आवडतं आणि वायरीही ते सोडत नाहीत. म्हणून सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा आणि हवेच्या तोंडावर प्लास्टिक बांधतात. मीही बांधलं होतं. चार महिन्यांनी येऊन सेल्फ मारत बसलो, बॅटरी अर्धी उतरवली, इंजेक्टरला शिव्या घातल्या, तेव्हा कुठे प्लास्टिक आठवलं. आता किल्लीलाच पुठ्ठ्याचा तुकडा बांधतो. त्यावर लिहिलेलं असतं: बोळा आहे, प्लास्टिक आहे, बॅटरी काढलीय, आणि डिझेल भरल्याची तारीख.

नमस्कार.