उन्हात ताकद जाते की दम?

नमस्कार मंडळी. एप्रिलची भर दुपार आहे, पुण्यात पारा चाळिशीला टेकलाय आणि मी मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात उभी आहे. मागे ते काका दिसतायत? गव्हाचं 50 किलोचं पोतं पाठीवर घेतलं आणि तडक गाळ्यात नेऊन टाकलं. मी त्यांना विचारलं, सकाळच्या आणि आत्ताच्या पोत्यात फरक वाटतो का? म्हणाले, "पोतं तेवढंच असतं ताई, दम तेवढा राहत नाही."

अगदी बरोबर बोलले. एकदाच जोर लावायचा असेल, तर गरम झालेला स्नायू उलट जास्त चपळ असतो. मार बसतो तो टिकण्याला. 1997 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीच माणसं, तीच सायकल, फक्त खोलीचं तापमान वेगळं. 11 अंशांत ती सरासरी 93 मिनिटं टिकली, 31 अंशांत जेमतेम 52. आणि 31 म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारीतली दुपार!

असं का होतं? स्नायू जी ऊर्जा जाळतात, त्यातली पाऊण तरी निव्वळ उष्णता होते. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे धावतं, आणि तेच रक्त स्नायूंनाही हवं असतं. त्यात घामावाटे पाणी जातं, रक्ताचं प्रमाण घटतं, हृदयाची धडधड वाढते.

शरीर आतून 40 अंशांच्या आसपास तापलं की मेंदूही स्नायूंना सोडलेला हुकूम ढिला करतो. अशा थकलेल्या स्नायूला बाहेरून विजेचा झटका दिला, तर तो अजून जोर लावून दाखवतो! म्हणून दुपारी हळू चालणाऱ्या हमालाला कामचुकार म्हणू नका, मुकादमसाहेब. तो जीव वाचवतोय.

शरीराला उन्हाची सवय होते, पण तिला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. नव्या पोराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नका. माठ सावलीत आणि हाताशी ठेवा.

आणि कुणी काम करता करता असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर तो उष्माघात असू शकतो; अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सावलीत घ्या, 108 ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहा.