भिंतीतली गांधील

नागपूरच्या कळमना बाजारात फुटलेल्या मोसंबीवर बसलेली ही तांबूस माशी नीट पाहा. हिच्या पोटावर पिवळा पट्टा आहे, चेहराही पिवळा आहे आणि कंबर इतकी बारीक आहे, की घन अन्नाचा घास तिच्यातून खाली उतरत नाही. म्हणून हिचे सारे रसावरच भागते. शास्त्रात हिला व्हेस्पा ओरिएंटॅलिस, म्हणजे पूर्वेकडची गांधील, म्हणतात. हे नाव लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने 1771 मध्ये दिले. इटलीत 1946 साली निघालेल्या स्कूटरचे नावही याच व्हेस्पावरून पडले.

आपल्याकडचे नाव मात्र फार जुने आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात या वर्गातील माशीसाठी गंधोली आणि वरटा असे दोन शब्द दिले आहेत. त्यांतील गंधोलीतून मराठी गांधील आणि वरटातून नागपूरकरांच्या कानावर रोज पडणाऱ्या हिंदीतील बर्र हा शब्द आला असावा. अंगावर उठणाऱ्या गांधींवरून, म्हणजे खाजऱ्या पुरळावरून, गांधील हे नाव पडले, असे वाटणे साहजिक आहे, परंतु कोशातील शब्द दुसरीकडे बोट दाखवतो.

आता या जुन्या भिंतीच्या फटीकडे पाहू. तोंडात मातीचा खडा धरून बाहेर पडणारी प्रत्येक माशी ही कामकरी मादी असून ती आतली पोकळी मोठी करत आहे. या वसाहतीची सुरुवात एकट्या राणीने केलेली असते. पोळ्याचे कप्पे लाकडाचा चावलेला भुसा, माती आणि लाळ यांचे बनतात आणि त्यांची तोंडे खाली असतात. भूक लागली की अळ्या कप्प्याच्या भिंती खरवडतात. तो आवाज ऐकून कामकरी माश्या त्यांना चावून मऊ केलेले कीटक भरवतात आणि मोबदल्यात अळीच्या तोंडातून गोड द्रवाचा थेंब घेतात. त्यासाठी रोज किती अळ्या, माश्या, टोळ टिपले जातात, याचा हिशेब पोळे जाळायला निघालेला माणूस क्वचितच करतो. मधपाळांचा राग मात्र रास्त आहे, कारण गांधील मधमाश्याही मारते.

नांगीला मधमाशीसारखे मोठे काटे नसल्याने गांधील पुन्हा पुन्हा डंख मारू शकते; दंशानंतर धाप लागली किंवा चेहरा सुजला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.