टॉवर आधी वाऱ्यासाठी बांधायचा

[दृश्य: उघड्या जागेत उभा लॅटिस टॉवर, वर यागी अँटेना हळूहळू फिरतेय.]

टॉवर दिसला की नजर आपसूक वर जाते. वरच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, फिरणारा रोटेटर, सगळं भारी दिसतं. पण या व्हिडिओत आपण बराच वेळ खालीच बघणार आहोत, कारण हॅम लोकांचा, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांचा, अँटेनाचा टॉवर टिकणार की पडणार हे खाली ठरतं, पायात, त्याला बाजूंनी ताणून धरणाऱ्या तणाव्यांच्या गाठींमध्ये, ते जमिनीत रोवणाऱ्या अँकरमध्ये, आणि त्याच्याही आधी कागदावर.

कागदावरचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे. बोलायचंय कुणाशी?

तीनशे किलोमीटरवरच्या स्टेशनशी की समुद्रापलीकडच्या? शॉर्टवेव्हचा सिग्नल वर आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, जाऊन परत खाली येतो, आणि तो किती लांब जाऊन पडणार हे तो कुठल्या कोनात वर गेला यावर ठरतं. कोन जितका आडवा तितकी उडी लांब. आणि आडव्या अँटेनाचा हा कोन मुख्यतः तिच्या उंचीवर ठरतो, पण उंची मीटरमध्ये मोजून उपयोग नाही, ती तरंगलांबीच्या हिशोबात मोजायची.

उदाहरण घेऊ. 14 मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण 21 मीटर. डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली सरळ तारेची अँटेना, साडेदहा मीटरवर टांगला म्हणजे तो अर्ध्या तरंगलांबीवर आहे, मुख्य झोत जमिनीपासून साधारण 30 अंशांवर निघतो, चांगलं काम होतं. तोच डायपोल 21 मीटरवर नेला की झोत 15 अंशांच्या आसपास खाली येतो आणि लांबची स्टेशनं उघडायला लागतात. आता त्याच साडेदहा मीटरच्या खांबावर 7 मेगाहर्ट्झचा डायपोल लावा, तिथे तरंगलांबी 42 मीटर, म्हणजे आपण फक्त पाव तरंगलांबीवर आहोत आणि बराचसा सिग्नल सरळ डोक्यावर जातो. हे वाईट आहे का? मुळीच नाही. डोक्यावर गेलेला सिग्नल आसपासच्या काहीशे किलोमीटरवर पडतो, आणि आपत्तीच्या वेळी मोबाईल टॉवर बंद पडलेले असताना नेमकं तेच अंतर कामाचं असतं. त्यामुळे जितकं उंच तितकं चांगलं हे सरसकट म्हणणं मला पटत नाही. आधी कुणाशी बोलायचं ते ठरवा, मग उंची.

आणि कधी कधी तर उंची लागतच नाही. डिसेंबर 1921 मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हॅम स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसनच्या किनाऱ्यावर तंबूत बसून अटलांटिकपलीकडचे हौशी सिग्नल ऐकायचा प्रयत्न करत होता. त्याची अँटेना म्हणजे जमिनीपासून जेमतेम पावणेचार मीटर वर, सुमारे 400 मीटर लांब ताणलेली एक तार, बेव्हरेज अँटेना. त्याच तारेवर त्याला अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या 1बीसीजी स्टेशनचा सिग्नल ऐकू आला. ही अँटेना सिग्नल ऐकायला उत्तम, पाठवायला फार कमजोर, आणि त्याला त्या वेळी फक्त ऐकायचंच होतं.

[दृश्य: जमिनीवर पसरलेली तांब्याची तार, मोजपट्टी, इन्सुलेटर, पक्कड.]

बहुतेक सगळे इथूनच सुरू करतात, अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलपासून, आणि माझं ठाम मत आहे की इथूनच करावं. हिशोब सोपा. 143 ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागायचं, येईल ती एकूण लांबी मीटरमध्ये. 14.2 मेगाहर्ट्झसाठी साधारण 10 मीटर, म्हणजे मध्ये फीड पॉइंट, जिथे केबल जोडतात, आणि दोन्हीकडे पाच पाच मीटर. शुद्ध हिशोबाने अर्धी तरंगलांबी म्हणजे 150 भागिले फ्रिक्वेन्सी यायला हवी, पण तारेला जाडी असते, टोकांचा परिणाम असतो, म्हणून खरी तार थोडी आखूड लागते. आणि हे 143 सुद्धा अंदाजाचंच समजा, जवळ पत्र्याचं छप्पर असेल, झाड असेल, तारेवर प्लास्टिकचं आवरण असेल तर आकडा सरकतो. म्हणून कापताना थोडी जास्त ठेवायची, वर टांगायची, मोजायचं, खाली घ्यायची, दोन्हीकडून सारखी कमी करायची, पुन्हा वर. कंटाळवाणं आहे खरं, पण दुसरा मार्ग नाही.

एकच उंच आधार असेल तर मधला भाग वर आणि दोन्ही टोकं खाली उतरती, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही. मधला कोन 90 अंशांपेक्षा कमी नको. मोकळ्या जागेत सरळ डायपोलचा इम्पीडन्स, म्हणजे रेडिओ सिग्नलला होणारा विरोध, 73 ओहमच्या आसपास असतो, व्ही केल्यावर तो खाली येतो आणि आपल्या 50 ओहमच्या केबलशी बऱ्यापैकी जुळतो. टोकं मात्र कुणाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर ठेवा, डायपोलच्या टोकांना व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, ट्रान्समिट चालू असताना हात लागला तर चटका बसतो.

मोजायला आता नॅनोव्हीएनए सारखं तळहातावर मावणारं यंत्र मिळतं, हे मोठंच वरदान आहे. पण एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना केबलशी किती जुळते याचा आकडा, 1 म्हणजे अगदी जुळलेली, त्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एसडब्ल्यूआर 2 आला तर साधारण 11 टक्के पॉवर परत येते, 3 ला 25 टक्के. म्हणजे 1.5 चा 1.1 करण्यासाठी अख्खा दिवस घालवण्यात अर्थ नाही. आणि एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगली असंही नाही, डमी लोड, म्हणजे चाचणीला अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर, त्याचा एसडब्ल्यूआर अगदी 1 असतो आणि तो सिग्नल बाहेर पाठवतच नाही, सगळी पॉवर उष्णतेत जाते.

हेच केबलच्या बाबतीत होतं, आणि इथे लोक पैसे चुकीच्या जागी वाचवतात. बारीक आरजी 58 केबल 145 मेगाहर्ट्झला 100 मीटरमागे जवळपास 20 डीबी खाते, डीबी म्हणजे घट मोजायचं माप, दर 3 डीबीला पॉवर निम्मी. टॉवर ते शॅक, म्हणजे रेडिओची खोली, 30 मीटर धरलं तर 6 डीबी, म्हणजे 50 वॅट टाकले आणि वर साडेबारा पोचले. परत येणारी लाटही याच केबलमधून येताना विरते, त्यामुळे खाली शॅकमधल्या मीटरवर एसडब्ल्यूआर मस्त दिसतो आणि माणूस खूश असतो. जाड आरजी 213 ला तेवढ्याच अंतरात अडीच डीबीच्या आसपास, त्याहून चांगल्या केबल आहेतच. 7 मेगाहर्ट्झवर हा फरक फारसा जाणवत नाही, पण व्हीएचएफवर, म्हणजे 145 सारख्या वरच्या फ्रिक्वेन्सीला, नवा रेडिओ घेण्याआधी केबल बदला.

यागी सगळ्यांना माहीत असते म्हणून थोडक्यात सांगतो. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी 1920 च्या दशकात ती विकसित केली, बरंचसं प्रत्यक्ष काम उदांचं, नाव मात्र जगभर यागींचं झालं, म्हणून मी तिला यागी-उदा म्हणणंच पसंत करतो. मागे जरा लांब रिफ्लेक्टर, मध्ये फीड दिलेला एलिमेंट, पुढे जरा आखूड डायरेक्टर, आणि सिग्नल एका दिशेला झुकतो. डिझाइन करायला एनईसी या जुन्या आणि भक्कम हिशोबावर चालणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यात एलिमेंटची लांबी, अंतर, उंची टाकली की आकृती समोर येते. एक करा, मोकळ्या जागेतली आकृती बघून थांबू नका, खरी उंची आणि खरी जमीन टाका.

[दृश्य: जोराच्या वाऱ्यात हलणारी अँटेना, खालून घेतलेली.]

आता वारा. सॉफ्टवेअरमधून बाहेर पडून इथे आलं की विषय गंभीर होतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर साधारण 25 किलो जोर येतो. वेग दुप्पट झाला, ताशी 144, की तोच जोर 100 किलो. चौपट. आता अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळाची मध्यम यागी 15 मीटरवर आहे असं धरा, त्या वादळात ती 50 किलोच्या जोराने टॉवरचा शेंडा ढकलतेय, आणि तणावे नसलेल्या टॉवरच्या बुडाशी ते 15 मीटर लांब पहारीच्या टोकाला 50 किलो लावल्यासारखं होतं. यात टॉवरवर स्वतः बसणारा वारा अजून धरलेलाच नाही. यागीचं वजन 15 किलो असो की 20, त्याने फारसा फरक पडत नाही, क्षेत्रफळाने पडतो. म्हणून टॉवर निवडताना तो किती किलो पेलतो हे विचारू नका, किती वेगाच्या वाऱ्यात किती चौरस मीटर पेलतो ते विचारा, आणि उत्तर बनवणाऱ्याच्या कागदावर लेखी बघा. तसा कागद नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशोब करून घ्या, अंदाजाने टॉवर उभा करू नये.

दोन प्रकार असतात. स्वतःच्या पायावर उभा टॉवर, त्याला उलथून टाकणारा सगळा जोर काँक्रीटनेच पेलायचा, म्हणून पाया मोठा, सळयांचं जाळं, भरपूर काँक्रीट. आणि तणावे म्हणजेच गाय वायर लावलेला टॉवर, यात वाऱ्याचा जोर तणावे घेतात आणि त्याचा मोठा भाग टॉवरला खाली दाबणारं ओझं होऊन येतो, त्यामुळे मधला पाया लहान चालतो पण बाजूचे अँकर जीव की प्राण. तिन्ही बाजूंना 120 अंशांवर, टॉवरच्या उंचीच्या 60 ते 80 टक्के लांब. 15 मीटरच्या टॉवरला 9 ते 12 मीटर. इतकी जागा नसेल तर टॉवरची उंची कमी करा, अँकर जवळ घेऊ नका.

तणावे किती ताणायचे? साधारणपणे तारेच्या तुटण्याच्या क्षमतेच्या 10 टक्के. सैल राहिले तर टॉवर झोके घेतो, जास्त ताणले तर वारा नसतानाही टॉवर दाबाखाली राहतो. वेगवेगळ्या पातळीवर आणि तिन्ही बाजूंनी सारखं ताणत जायचं. तारेवर यू बोल्टचे क्लॅम्प लावताना एक नियम काटेकोर पाळा, क्लॅम्पची खोबणीची बाजू ओझं घेणाऱ्या तारेवर आणि यू ची बाजू मोकळ्या टोकावर. उलटं लावलं तर यू बोल्ट कामाची तारच चेपतो आणि ती कमजोर होते. टर्नबकल, म्हणजे तणावा ताणायचा फिरता स्क्रू, त्याच्या आतून सेफ्टी वायर ओवून टाका, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो हळूहळू उलगडत जातो. स्टीलचे तणावे मध्ये मध्ये अंड्याच्या आकाराच्या इन्सुलेटरने तोडतात, कारण त्यातला एखादा तुकडा आपल्या बँडवर रेझोनंट झाला, म्हणजे स्वतःच अँटेनासारखा वागू लागला, तर यागीची आकृती बिघडते.

काँक्रीट ओतलं की घाई होते, सगळं सामान येऊन पडलेलं असतं. पण काँक्रीटची ताकद 28 दिवसांवर मोजतात, ते दिवस त्याला द्या. टॉवरच्या पोकळ पायांतून पाणी खाली निचरलं पाहिजे, त्यासाठी बुडाशी खडीचा थर ठेवतात, पाणी आत साचलं की लोखंड आतून खात जातं आणि वरून काही कळत नाही.

[दृश्य: हार्नेस घातलेला माणूस टॉवरवर, खाली हेल्मेट घातलेले दोघे दोर धरून.]

उभारणीचा दिवस. सगळ्यात आधी विजेच्या तारा कुठे आहेत ते बघायचं, कारण हॅम लोकांचे जीव घेणाऱ्या अपघातांत ही तार वारंवार येते. नियम असा की टॉवर, मास्ट, अँटेना किंवा हातातली तार, काहीही कुठल्याही दिशेला पडलं तरी विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये. पोचत असेल तर जागा बदला. यात तडजोड नाही, कोण कितीही अनुभवी असो.

चढणाऱ्याच्या अंगावर पूर्ण हार्नेस आणि दोन लॅनयार्ड, म्हणजे टॉवरला अडकवायचे दोर, एक सोडायचा तो दुसरा अडकल्यावरच. एकट्याने चढायचं नाही. खाली उभे राहणारे टॉवरच्या थेट खाली थांबणार नाहीत, वरून पडलेला पाना डोकं फोडतो. टॉवरचे तुकडे जिन पोलने एकेक वर घेतात, जिन पोल म्हणजे वरच्या तुकड्याला बांधलेला पुलीचा उंच खांब, आणि जोर लावणारे जमिनीवर असतात, वरचा माणूस फक्त जुळवतो आणि बोल्ट कसतो. कायमचे तणावे लागेपर्यंत तात्पुरते तणावे हवेतच. सूचना एकाच माणसाने द्यायच्या, थांब मात्र कुणीही म्हणू शकतो. ढग गडगडायला लागले की काम बंद.

आकाशातून पडणाऱ्या विजेसाठी अर्थिंग टॉवर उभा राहतानाच करायचं. टॉवरच्या बुडाशी अर्थ रॉड, रुंद पट्टीने आणि मोठ्या वळणाने जोडलेले, कारण काटकोनात वाकवलेल्या तारेतून वीज धड उतरत नाही. सगळ्या केबल घरात शिरण्याआधी एकाच पॅनलवर, त्यांची बाहेरची जाळी तिथे अर्थला, आणि ते अर्थ घरातल्या विजेच्या अर्थशी जोडलेलं. जोडलेलं नसेल तर वीज पडल्यावर दोन अर्थमधला प्रचंड फरक तुमच्या रेडिओतून वाट काढतो. गॅल्व्हनाइज्ड लोखंडाला तांबं थेट लावू नका, तांबं लोखंडावरचं जस्त खाऊन टाकतं, मध्ये स्टेनलेसचा तुकडा घ्या. केबलच्या टोकाचा पीएल 259 कनेक्टर पाण्याला अडवत नाही, त्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप, वरून साधी टेप, आणि केबल आत जाण्याआधी खाली एक वळसा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं.

मग दरवर्षी एकदा, आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर तपासणी. तणाव्यांचा ताण, टर्नबकल, बोल्ट, केबलची टेप, आणि अँकरचा रॉड जमिनीत जातो तिथली माती थोडी उकरून, कारण वर चकचकीत दिसणारा रॉड मातीखाली गंजून अर्धा झालेला असू शकतो.

जुना टॉवर घेत असाल तर आणखी एक काम करा. प्रत्येक तुकडा आडवा ठेवा, पाय सरळ आहेत का बघा, मग खालच्या टोकांशी आणि वेल्डजवळ हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर पुढचं बोलता येईल. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले किंवा पाय फुगलेला दिसला, तर तो तुकडा भंगारात द्या, कितीही स्वस्त मिळत असला तरी.