पिवळं पाकीट आणि अकरा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

भरभरून रहस्यकथा लिहिणारा लेखक म्हटलं की मराठी माणसाला बाबूराव अर्नाळकर आठवतात. त्यांच्या नावावर हजाराहून जास्त कथा आहेत. आज आपण ऐकणार आहोत त्यांच्याच पिढीतल्या एका बेल्जियन लेखकाबद्दल, झॉर्ज सिमनोंबद्दल. त्याच्या स्वतःच्या नावानं १९२ कादंबऱ्या आल्या आणि टोपणनावांनी आणखी दोनशेच्या आसपास. बहुतेक जण हा आकडा ऐकून थक्क होतात आणि तिथंच थांबतात. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो. खरं बघायला हवं ते त्याचं लिहिण्याचं टेबल.

सिमनोंचा जन्म लिएज शहरातला, १३ फेब्रुवारी १९०३ चा. त्या दिवशी शुक्रवार होता. तेरा तारीख आणि शुक्रवार हा योग तिकडं अशुभ मानतात, म्हणून सरकारदरबारी १२ तारीख नोंदवली गेली. वडिलांच्या हृदयविकारामुळं त्याची शाळा सुटली आणि जानेवारी १९१९ मध्ये, सोळावं वर्षही पुरं झालेलं नसताना, तो स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार झाला. पोलीस ठाणी, कोर्ट, रस्त्यावरचे अपघात, अंत्ययात्रा या सगळ्या फेऱ्या त्याच्या वाट्याला आल्या. माणूस अडचणीत सापडला की कसा बोलतो, कसा गप्प बसतो, हे त्याच्या कानांनी तिथंच टिपलं.

डिसेंबर १९२२ मध्ये तो पॅरिसला आला. 'ल मातँ' या दैनिकात कथांची निवड लेखिका कोलेट करायच्या. सिमनोंच्या कथा त्या परत करत राहिल्या. त्यांचं म्हणणं एकच होतं: यात साहित्य फार आहे, ते काढून टाका. पुढं आयुष्यभर त्यानं हा सल्ला सोडला नाही.

पोटासाठी मात्र त्यानं स्वस्त कादंबऱ्यांचा सपाटा लावला. प्रेमकथा, साहसकथा, चावट विनोदी कथा, काही वर्ज्य नव्हतं. नावंही तशीच: झॉर्ज सिम, ख्रिस्तियाँ ब्रूल्स, झाँ द्यु पेरी. दिवसाला ऐंशी पानं टाइप करायचो, असं तो सांगत असे. गोष्ट आफ्रिकेत घडवायची असेल तर लारूस ज्ञानकोश उघडायचा आणि तिथली झाडं, प्राणी त्यातून उचलायचे. १९२७ मध्ये तर एका प्रकाशकानं त्याला काचेच्या पेटीत बसवून लोकांसमोर कादंबरी लिहून घ्यायची असं ठरवलं होतं. ते कधी घडलंच नाही. तरी पुढं कित्येक जण 'आम्ही स्वतः बघितलं' म्हणून सांगत राहिले! मला विचाराल तर ही वर्षं वाया गेली नाहीत. प्रसंग कसा सुरू करायचा, संवाद कुठं तोडायचा, यावर त्याचा हात इथंच बसला.

मग आला त्याच्या रहस्यकथांमधला इन्स्पेक्टर मेग्रे. धिप्पाड देह, जाड ओव्हरकोट, तोंडात पाइप. प्रकाशक फायार नाखूश होते. यात कोडं नाही, प्रेमप्रकरण नाही, धड नायक नाही की धड खलनायक नाही, हे खपणार कसं? सिमनोंनं २० फेब्रुवारी १९३१ च्या रात्री पॅरिसच्या माँपार्नास भागातल्या एका नाचघरात जंगी समारंभ केला. आमंत्रण पोलिसी नमुन्याचं, आणि दारात प्रत्येक पाहुण्याच्या बोटांचे ठसे घेतले जात होते. दुसऱ्या दिवशी पॅरिसभर तीच चर्चा. पुढं मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या आणि २८ कथा झाल्या. त्यात खुनी कोण यापेक्षा, या माणसावर ही वेळ का आली, याचाच शोध असतो. चौकशी रात्रभर लांबली की मेग्रे शेजारच्या उपाहारगृहातून सँडविच आणि बिअर मागवतो, आणि समोरच्या संशयितालाही देतो. त्या एका घासात समोरचा माणूस सैल पडतो.

आता टेबलाकडं येऊ. कादंबरी मनात घोळू लागली की सिमनों आधी एखादा वास, एखादं हवामान, एखादं गाव धरायचा. मग टेलिफोनची डिरेक्टरी उघडून नावं शोधायची. त्यानंतर यायचं पिवळं पाकीट. त्यावर पात्रांची नावं, वय, नातीगोती, घरचा पत्ता, धंदा, एवढंच. कथानक अजिबात नाही. शेवट काय होणार हे त्यालाही ठाऊक नसायचं. एकच प्रश्न असायचा: या माणसाला त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत ढकलेल असं काय घडावं?

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून स्वतःची आणि घरच्यांची तपासणी. पुढच्या अकरा दिवसांच्या सगळ्या भेटीगाठी रद्द. कॅलेंडरवर दिवसांची आखणी. पेन्सिली टोक करून ठेवलेल्या, पाइप आधीच भरून ठेवलेले, आणि दारावर हॉटेलातून आणलेली 'त्रास देऊ नये' ही पाटी. रोज पहाटे एक प्रकरण, एकही दिवस खाडा न करता.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण त्या दिवसांत तो त्या पात्राच्या कातडीत शिरलेला असायचा. मध्येच आजारी पडून अठ्ठेचाळीस तास गेले, तर धागा तुटायचा. मग लिहिलेली प्रकरणं तो फेकून द्यायचा आणि त्या कादंबरीकडं पुन्हा कधी वळायचा नाही. पाच-सहा दिवसांनंतर हा ताण असह्य व्हायचा, असं त्यानंच सांगितलंय. त्याच्या कादंबऱ्या आखूड का, याचं उत्तर इथं आहे: अकरा दिवसांहून जास्त शरीर साथच देत नसे.

मग तीनेक दिवस फेरतपासणी. त्यात कथानकाला हात लावायचा नाही, फक्त कापायचं. विशेषणं, क्रियाविशेषणं, केवळ छाप पाडण्यासाठी आलेला प्रत्येक शब्द. एखादं वाक्य फार सुंदर उतरलंय असं दिसलं, की ते आधी जायचं. म्हणून त्याच्या पानावर पाऊस पडतो तेव्हा नुसता पाऊसच पडतो, आणि वाचताना आपली बाही ओली झाल्यासारखी वाटते.

सप्टेंबर १९७२ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या घरी, त्यानं नव्या कादंबरीसाठी नेहमीसारखं पाकीट घेतलं. नावं लिहिली. पण पात्रं आत येईनात. थोड्याच दिवसांत त्यानं ते मोठं घर विकायला काढलं, आणि पासपोर्टवरच्या व्यवसायाच्या रकान्यातून 'कादंबरीकार' हा शब्द काढून 'व्यवसाय नाही' असं लिहून घेतलं. त्यानंतर १९८९ मध्ये लोझानला मृत्यू येईपर्यंत तो टेपरेकॉर्डरवर आठवणी बोलत राहिला, पण कादंबरी एकही लिहिली नाही. ती पिवळी पाकिटं आज लिएजच्या विद्यापीठात जपून ठेवली आहेत.