दिवाळीनंतर सुरू होतं

(अंधार. लांबून पाण्याच्या मोटारीची घरघर. शेतात एक उजेड हलतो.)

रात्रीचे दीड वाजलेत. खानदेशात पांझरा आणि बोरी या दोन नद्यांच्या मधलं शिवार. या आठवड्यात मोटारीच्या थ्री-फेज विजेची पाळी रात्रीची, म्हणून माणूस गव्हाला पाणी भरायला वावरात उभा आहे. पायात गमबूट, हातात फावडं, कपाळाला बॅटरी.

नाल्याच्या अंगाने दुसरी बॅटरी येते. ही गावातली नाही. गावातली बॅटरी वाटेवर पडते, पायापुढे. ही बाभळीच्या फांद्यांवरून फिरतेय, बांधावरच्या गवतात शिरतेय.

तो आपली बॅटरी विझवतो. मग काहीतरी सुचतं आणि पुन्हा लावतो. विझवली तर समोरच्याला तो दिसत नाही, आणि समोरच्याच्या हातात बंदूक असेल तर न दिसणं बरं नाही. लावली तर याने आपल्याला पाहिलं, हे समोरच्याला कळतं. तेही बरं नाही.

मग फट्. दिवाळीतल्या टिकलीएवढाच आवाज. थोड्या वेळाने आणखी एक. मोटारसायकल सुरू होते आणि डांबरी रस्त्याला लागते. पाणी भरायचं असतं, म्हणून हा माणूस तिथेच उभा राहतो.

गावाचं नाव आम्ही सांगणार नाही. आमच्याशी जो जो बोलला, त्याने आधी तेवढंच बजावलं. कॅमेरा बंद केल्यावर मात्र एक आप्पा अहिराणीत म्हणाले, "भाऊ, पाखरं त्या मारतस, नि झोप आमनी जास."

(सकाळ. ओटा. चहा.)

'शिकारीचा हंगाम' असं इथे कुणी म्हणत नाही. 'दिवाळीनंतर सुरू होतं', एवढंच. बाजरी निघालेली असते, नाले आटायला लागतात, वावरं उघडी पडतात. पाखराला लपायला उरतं बांधावरचं गवत, नाल्यातली बाभूळ आणि गायरानाचा तुकडा. तित्तर, लाव्हरी, होले तिथे गोळा होतात. पाखरू कुठे आहे, ते शोधावं लागत नाही. थंडी सरता सरता दादर कापणीला येते. खानदेशात रब्बीच्या ज्वारीला दादर म्हणतात. कापणारे जसजसे पुढे सरकतात, तशा लाव्हऱ्या उभ्या पिकात मागे मागे सरतात आणि शेवटी एका चिंचोळ्या पट्ट्यात अडकतात. ज्याला माहीत आहे, तो जाळं घेऊन त्या पट्ट्याच्या टोकाला बसतो.

कायद्यात असा हंगाम पूर्वी खरोखरच होता. 1951 च्या मुंबई राज्याच्या कायद्यात शिकारीचे परवाने होते. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यातही सुरुवातीला परवान्याची वाट शिल्लक होती. 1991 च्या दुरुस्तीने ती बंद झाली. तेव्हापासून हौसेच्या शिकारीला ना परवाना, ना मोकळे महिने. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात हंगाम संपून तीस वर्षांहून जास्त काळ लोटलाय. वावरात तो दर कार्तिकात उघडतो. फरक इतकाच, की परवान्याच्या काळात कोण आलंय, ते कुठेतरी लिहिलेलं असायचं.

ओट्यावर एक समज पक्का आहे: जंगलात मारलं तर गुन्हा, वावरात मारलं तर काही नाही. हे खोटं आहे. कायदा जमीन कुणाची, ते विचारत नाही. सातबारा स्वतःच्या नावावर असला तरी तित्तर आपला होत नाही. आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणंही नव्हे. फास लावणं, जाळ्यात धरणं, आमिष टाकणं, हाकून कोंडणं, घरट्यातली अंडी उचलणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिने साधारण गुन्ह्याचा दंड पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत नेला. कैद तीन वर्षांपर्यंत. मोरासारखा पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे कायद्याच्या सर्वात कडक संरक्षणाच्या यादीतला, पक्षी असेल, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं.

हे आकडे आम्ही ओट्यावर वाचून दाखवले. एक जण हसला आणि म्हणाला, मोर मारणारा एअरगन घेऊन येतो, ती काय चोरीची असते?

चोरीची नसते. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 0.177 इंची नळीची, 20 जूलपर्यंत ताकदीची एअरगन घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं, पैसे मोजायचे. घेणारा सांगतो, माकडं हाकायला. शिशाचा छर्रा हरभऱ्याच्या दाण्याहून लहान, पण होल्याला पुरतो. आणि होल्याला चुकला तर पुढे जाऊन कुठे पडला, ते मारणाऱ्याने पाहिलेलं नसतं. कापूस वेचायला बायका पहाटे वावरात शिरतात. खळ्यात बैल बांधलेले असतात, खाटेवर राखणदार झोपलेला असतो. ओट्यावरची भीती ही आहे. तित्तराबद्दलचं प्रेम नंतर येतं, आणि ते तसं कबूलही करतात.

(गोफणीचा फटकारा. चिमण्यांचा थवा उडतो.)

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. पाखरू हे शेतकऱ्याला नेहमीच आवडतं, असं नाही. ज्वारी निसवली की पोपट येतात, चिमण्या येतात, हिवाळ्यात भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. तासाभरात कणसं रिकामी. म्हणून तर मचाण आली, डबे वाजवणं आलं, गोफण आली. राखणीला बसलेल्या पोराने एखादं पाखरू गलोलीने पाडलं, तर त्याला कुणी पोलिसात दिलं नाही. मग आज हेच गाव शिकारीवर का चिडतं?

मचाणीवर आयुष्य गेलेल्या एका बाबांनी दगड हातात धरून ते दाखवलं. गोफण सुटते, ती थव्यावर नाही, थव्याच्या पलीकडे. पाखरू उठलं की काम झालं. ते शेजारच्या वावरात जाईल, शेजारी हाकेल. संध्याकाळी ते झाडावर जाईल, हा घरी येईल. त्या भांडणात दोघं उद्या पुन्हा भेटणार, हे धरलेलं असतं. बॅटरीवाल्याचं तसं नाही. तो झोपलेलं पाखरू मारतो. बाबांनी दगड खाली टाकला आणि म्हणाले, झोपलेल्याला कोण मारतं? त्यावर ओट्यावरचं कुणीच काही बोललं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. त्यातलं एखादं उत्तर गावातल्याच कुणाचा तरी पाहुणा होतं.

गप्प बसण्याचं खरं कारण इथेच आहे. जळगाव-धुळ्याहून गाडी येते, पण शिवार दाखवायला गावातलाच कुणीतरी लागतो. तो कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा साडू. तक्रार केली, तर उद्या मोटारीची केबल कापलेली सापडेल, केळीचे घड कोयत्याने उतरवलेले सापडतील, ही भीती प्रत्येकाने बोलून दाखवली. असं घडलंच आहे का, हे कुणी शपथेवर सांगत नाही. भीतीला पुरावा लागत नाही.

आणि पुरावा नसला की नाव घ्यायला एक जात सोपी असते. 'पारधी असतील.' आम्ही हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की मोजणं सोडून दिलं. फासेपारध्यांचं तित्तर धरण्याचं कसब पिढीजात आहे, हे खरं. शिकवलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर दुसरा बोलवायचा, भोवती फास. पण 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या समाजांवर चोराचा शिक्का मारला. तो कायद्याने पुसला गेला 1952 साली, आणि लोकांच्या तोंडातून आजही गेलेला नाही. फासाने चार तित्तर धरून बाजाराच्या कडेला बसलेला माणूस लगेच सापडतो, कारण तो पायी असतो. ते चार तित्तर कुणी विकत घेतले, हे विचारलं जात नाही. ढाब्यावर 'लाव्हरी आहे का' असं कानाशी लागून विचारणाऱ्याला तर कुणीच काही म्हणत नाही. जपानी लाव्हरी पाळली जाते. मसाल्यात घातल्यावर पाळीव कुठली आणि रानातली कुठली, सांगा ओळखून! गुन्हा मात्र खाणाऱ्याच्या ताटातही आहे. शिकारीचं मांस जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हाच.

(पाणी. सकाळचं धुकं. दूरवर पक्ष्यांचा कलकलाट.)

पूर्वेला, भुसावळच्या पुढे, चित्र बदलतं. तापीवरचं हतनूर धरण, एकेचाळीस दरवाज्यांचं. मागे चांगदेवजवळ तापी-पूर्णेचा संगम, तिथवर फुगवटा. थंडीत इथे चक्रवाक येतात, तलवार बदकं येतात, थापट्या येतात. आणि काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी शेकड्यांनी तरंगतो. मराठीत त्याचं नाव वारकरी.

हा मुक्ताबाईचा मुलूख. मुक्ताईनगरहून पंढरपूरला पालखी निघते ती इथूनच. धरणकाठच्या एका दादाला आम्ही विचारलं, या पक्ष्याला काय म्हणता? तो म्हणाला, 'पाणकोंबडी'. वारकरी हे नाव सांगितलं, तेव्हा त्याने पुन्हा एकदा पाण्याकडे पाहिलं. नावाने काही थांबतं, असा आमचा दावा नाही. पण त्याने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, एवढं खरं.

तिथल्या लोकांची काळजी वेगळी आहे. पाण्यावर अंधारात कोण होडी घालतं, ते मासेमारी करणाऱ्यांनाच कळतं आणि ठपकाही त्यांच्यावरच येतो. माशांच्या जाळ्यात बदक चुकून अडकणं आणि बदकासाठीच जाळं उभं करणं, यातला फरक जाळंवाल्याला माहीत असतो. पंचनाम्यात मात्र तो फरक उतरत नाही.

आणि सातपुड्याच्या पायथ्याशी एक वेगळीच कहाणी. रानपिंगळा. 1884 नंतर हे छोटं घुबड कुणाला दिसलंच नव्हतं, म्हणजे तसा ग्राह्य पुरावाच नव्हता. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने जतन केलेल्या पक्ष्याचा 1914 चा एक नमुना दिला होता, तो चोरलेला निघाला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या रानात अमेरिकी अभ्यासकांना हा पिंगळा जिवंत सापडला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा झाला पुढच्या वर्षी. एकशे तेरा वर्षं जग ज्याला संपलेला समजत होतं, तो पिंगळा पाड्यावरच्या पोरांच्या डोक्यावरच्या फांदीवर बसलेला असणार. पोरांच्या खिशात गलोल, आणि दिवाळीच्या अमावस्येला घुबड मागत फिरणारे लोकही आलेच. पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे हा. पण गलोलीचा दगड अनुसूची वाचत नाही, आणि ज्या पोराला पिंगळा म्हणजे अपशकुन एवढंच शिकवलंय, त्याच्यावर सात वर्षांची कैद दाखवणं मला तरी जड जातं.

(ओटा पुन्हा. मोबाईल हातात.)

तक्रार करायची तर कशी? वनविभागाचा नंबर आहे 1926. पैसे लागत नाहीत. ओट्यावरच्या बारा जणांपैकी तिघांना तो माहीत होता, एकाने लावून पाहिला होता. त्या रात्री वनरक्षक आले, पण बीट, म्हणजे त्यांच्या राखणीचा भाग, मोठं, रस्ता लांब. ते पोचेपर्यंत नाल्यात चार पिसं आणि सिगारेटचं पाकीट उरलं होतं. पिसांचा पंचनामा झाला. गाडीचा नंबर कुणी घेतलेला नव्हता. घेतला असता तरी सांगितला असता का, या प्रश्नावर माणसं चहाच्या कपात बघतात.

गेल्या थंडीत त्यांनी एक साधी युक्ती काढली. ज्याची पाण्याची पाळी रात्रीची, त्याने शेजारच्या पाळीवाल्याला फोन करून जायचं. उजेड दिसला की ओरडायचं नाही, जवळ जायचं नाही, फोटोच्या फंदात पडायचं नाही. सगळ्यांनी आपापल्या वावरातून एकदम बॅटऱ्या लावायच्या. बस. शिवारात एकाच वेळी पंधरा-वीस ठिकाणी उजेड पडला की साक्षीदार कोण, हा प्रश्नच मिटतो. पहिल्यांदा केलं, तेव्हा मोटारसायकल न थांबता गेली. ती पुढच्या गावाच्या शिवारात गेली, हे सांगताना सांगणाऱ्याला फारसा आनंद नव्हता.

(पहाट. नाल्याच्या काठावर माईक.)

मचाणीवाल्या बाबांची एक सवय आहे. उजाडायच्या आधी उठून, अंगावर घोंगडी घेऊन ते बांधावर बसतात आणि तित्तर किती बाजूंनी बोलतो, ते मोजतात. एका नराने आवाज दिला की शेजारच्या हद्दीतला दुसरा उत्तर देतो, मग तिसरा. बाबांच्या तरुणपणी चारी बाजूंनी एकदम सुरू व्हायचं, मोजता यायचं नाही.

आम्ही त्यांच्या शेजारी माईक लावून बसलो. साडेपाच. पावणेसहा. पूर्वेच्या नाल्यातून आवाज आला, कटीतर, कटीतर, कटीतर.

बाबांनी एक बोट वर केलं. "एक उना," म्हणाले. एक आला.

बोट वरच होतं. ते पश्चिमेला कान देऊन बसले होते. तेवढ्यात लाइट आली आणि शिवारातल्या मोटारी एकामागोमाग एक सुरू झाल्या.