स्टेशन मायनॉटचं, मालक टेक्सासचा

18 जानेवारी 2002. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातलं मायनॉट शहर. रात्रीचे पावणेदोन वाजत आलेत. पारा शून्याच्या वीस अंश खाली. शहराला लागूनच मालगाडीचे 31 डबे रुळावरून घसरतात. पाच टाक्या फुटतात, आणि अमोनियाचा ढग घरांकडे सरकू लागतो.

लोकांना सावध करायचं म्हणून पोलीस रेडिओ स्टेशनला फोन लावतात. तिकडून कोणी उचलत नाही.

शहरात व्यावसायिक रेडिओ स्टेशनं सहा. सहाही एकाच कंपनीची, टेक्सासमधल्या क्लिअर चॅनलची. त्या रात्री एकाचा जीव गेला, तीनशेच्या वर लोकांना बाधा झाली. कंपनी म्हणाली, आमचा माणूस हजर होता, पोलिसांनाच रेडिओवरून इशारा देणारी अलर्ट यंत्रणा नीट चालवता आली नाही. तसंही असेल. पण सहा स्टेशनं असलेल्या शहराची मदार रात्री कुणाच्या तरी एका फोनवर का असावी?

या गोष्टीची मुळं 1996 च्या दूरसंचार कायद्यात आहेत. तोवर एका मालकाला देशभरात 40 स्टेशनांची मर्यादा होती. ती उठली. क्लिअर चॅनल काही वर्षांतच बाराशेवर पोचली. खरं सांगायचं तर तेव्हा अनेक छोटी स्टेशनं तोट्यातच होती. एक इमारत, एकच जाहिरात विभाग, एक इंजिनिअर, एवढ्यानं खर्च आटोक्यात आला. काही स्टेशनं त्यामुळेच तगली.

मग आलं व्हॉइस ट्रॅकिंग. निवेदक बसतो दुसऱ्याच शहरात. गाणी कॉम्प्युटरनं आधीच लावलेली असतात. त्याला फक्त मधली वाक्यं बोलायची. समोर कागद असतो. त्यावर चौकाचं नाव, शाळेच्या सामन्याचा निकाल, उद्याचं हवामान. “काय गारठा आहे आज!” असं तो म्हणतो. स्वतः बसलाय अर्ध्या बाहीच्या शर्टात. चार तासांचा कार्यक्रम तासाभरात उरकतो, की पुढच्या शहराचा कागद समोर.

2008 मध्ये बेन कॅपिटल आणि थॉमस एच. ली या दोन गुंतवणूक कंपन्यांनी क्लिअर चॅनल घेतली. पैसा बहुतांशी कर्जाचा, आणि ते कर्ज चढलं कंपनीच्याच डोक्यावर. इथून पुढे स्टेशन चांगलं चाललंय की नाही, हा प्रश्नच मागे पडला. गावातला दुकानदार जाहिरात देत होता, लोक ऐकत होते, पण कमाई व्याजात जात होती. कात्री लागायची ती पगारांना, कारण व्याज कापता येत नाही.

नाव बदलून आयहार्टमीडिया झालेल्या या कंपनीनं मार्च 2018 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. कर्ज 20 अब्ज डॉलरच्या घरात. वर्षभरानं, त्यातलं निम्मं उतरवून, ती बाहेर आली. आणि जानेवारी 2020 मध्ये पुन्हा मोठी नोकरकपात झाली. कारण दिलं गेलं आधुनिक तंत्रज्ञानाचं. घरी गेलेल्यांत गावोगावचे जुने निवेदक होते.