पथ्य सुटतं तेव्हा

[दृश्य: लालबागमधली चाळ. सकाळचे साडेनऊ. ओट्यावर स्टीलची वाटी.]

ही वाटी सकाळपासून तिसऱ्यांदा गरम झाली आहे. वरणाच्या पाण्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. मीठ नाही, तुपाचा थेंब नाही. आजोबांनी दोन घास घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आजी वाटी हातात घेऊन उभ्याच.

आजोबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. तो यकृतापर्यंत पोचलाय. केमो थांबवून महिना झाला. आता दर पंधरवड्याला पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी, टीम घरी येते. डॉक्टर, नर्स, आणि आज पहिल्यांदाच आहारतज्ज्ञ. चाळीत त्यांचं नाव लगेच पडलं: डायटवाल्या मॅडम.

आजींनी वही-पेन काढून ठेवलंय. दवाखान्याचं माणूस आलं की पथ्य वाढतं, हा त्यांचा आजवरचा अनुभव. साखर गेली 15 वर्षांपूर्वी, मधुमेहात. मीठ गेलं बीपीत. तूप कोलेस्टेरॉलने नेलं. कॅन्सर कळल्यावर कुणीतरी मोबाइलवर पाठवलं की दुधाने गाठ वाढते, म्हणून दूधही गेलं. वहीत सगळं तारीखवार आहे.

मॅडम वही वाचतात. मग विचारतात, “आजोबा, काल काय खावंसं वाटलं?”

हा प्रश्न गेल्या सहा महिन्यांत त्यांना कुणी विचारलेला नाही. आजोबा थोडा वेळ गप्प. मग म्हणतात, “चहा. गोड.”

[दृश्य: वही. एका ओळीवर पेनाची रेघ ओढली जाते.]

आयुष्याची मुदत वाढवायची म्हणून पथ्य असतं. मुदतच थोडी उरली की ते कशासाठी पाळायचं, हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तो मॅडम एकट्या मांडत नाहीत. डॉक्टर शेजारीच बसलेत. जेवण निम्म्यावर आलं आणि मधुमेहाची गोळी तेवढीच राहिली, तर रक्तातली साखर धोक्याइतकी उतरते. पहाटे घाम येतो, हातपाय थरथरतात. आजोबांना हे दोनदा झालंय. घरच्यांना वाटलं, अशक्तपणा. आज गोळी कमी झाली, साखर परत आली. मीठ आलं. दूधही आलं, कारण दुधाने किंवा साखरेने गाठ पोसली जाते म्हणून माणसाला उपाशी ठेवावं, याला आधार नाही. तूप मात्र बेताने. स्वादुपिंड थकलं की स्निग्ध पदार्थ पचवणारे पाचकरस कमी पडतात आणि तेलकट जुलाब होतात. त्यावर कॅप्सूल मिळते. ती आजोबा जेवणानंतर तासाभराने घेत होते. ती घासांबरोबरच पोटात जायला हवी. एवढी साधी गोष्ट कुणी नीट सांगितली नव्हती.

[दृश्य: माउंट मेरीची टेकडी, वांद्रे. समुद्र.]

हॉस्पिस म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण. त्याची आधुनिक कल्पना रुजली लंडनमध्ये. डॉ. सिसिली साँडर्स यांनी 1967 साली तिथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस 1986 साली इथे, वांद्र्यात उभं राहिलं: शांती आवेदना सदन. पुढे 1997 मध्ये पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र आलं. वेदना कमी करणं, त्यासाठी मॉर्फिन देणं, जखमेची निगा या गोष्टी हळूहळू रुळल्या. आहाराकडे मात्र लक्ष उशिरा गेलं. आजही बऱ्याच ठिकाणी हे काम नर्सच सांभाळते, आणि हातात एक झेरॉक्स पडते: बदाम, सफरचंद, डाळिंबाचा रस. घरभाडं थकलेल्या माणसाने डाळिंबाचा रस कुठून आणायचा, हे त्या कागदावर नसतं.

[दृश्य: आजोबांचं मनगट. सैल झालेलं घड्याळ.]

“खाल्लेलं अंगाला लागत नाही.” हे वाक्य या घरांमधून सारखं ऐकू येतं. गंमत म्हणजे वैद्यकालाही हेच म्हणायचंय, फक्त त्याचा शब्द अवघड आहे: कॅकेक्सिया. 2011 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी त्याची व्याख्या ठरवली. त्यातली एक मोजणी अशी, की सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं, तर ही शंका घ्यायची. उपासमारीत शरीर आधी चरबी वापरतं आणि स्नायू जमेल तितके राखतं. इथे गाठीमुळे शरीरभर दाह पसरतो, भूक मरते, आणि स्नायूही झिजत जातात. उपाशी माणसाला जेवण दिलं की तो भरून येतो. हा येत नाही.

म्हणून मॅडमना दोन वेगळी कामं करावी लागतात. आजार अजून रेंगाळणार असेल, हातात काही महिने असतील, तर प्रत्येक घासाचा हिशेब करायचा. साधारण नियम असा, की किलोमागे रोज 25 ते 30 कॅलरी आणि निदान 1 ग्रॅम प्रथिनं. शेवटचे आठवडे आले की तोच हिशेब सोडून द्यायचा. कधी सोडायचा ते ओळखणं, हे या कामातलं खरं कसब.

[दृश्य: दुसरं घर. मिक्सरचा आवाज.]

पहिल्या कामासाठी हे घर. गालाचा कॅन्सर. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण यांच्या दाढेखाली तंबाखू त्याच्या कितीतरी आधीपासून होती. आता तोंड बोटभरही उघडत नाही. नाकातून नळी घातलीय. दर अडीच तासांनी बायको सिरिंजने पातळ पेज देते. पोट भरतं, वजन घटतं.

मॅडम तिच्याबरोबर ओट्याशी उभ्या राहतात. काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. बाई वरण-भात मिक्सरमधून काढते, नळी तुंबू नये म्हणून भरपूर पाणी घालते, मलमलच्या फडक्यातून गाळते आणि चोथा फेकते. मॅडम तो चोथा वाटीत काढून घेतात. “वहिनी, डाळ तर सगळी इथेच राहिली.”

नळीत जात होतं ते डाळीचं पाणी.

मग उपाय निघतो. तोही घरातलाच. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून दळलेलं पीठ. मोड येताना धान्यात एक पाचकरस तयार होतो, तो पिष्ट तोडतो. भाजताना सगळंच पीठ तापतं आणि त्या रसाची ताकद जाते, म्हणून चमचाभर मोडाचं पीठ न भाजता वेगळं ठेवायचं. घट्ट लापशी शिजवून कोमट झाली की ते ढवळायचं. काही मिनिटांत लापशी सैल होते, आणि मग पुन्हा एकदा उकळी द्यायची. पाणी न वाढवता ती नळीतून उतरते. त्यात दूध, दाण्याचा बारीक कूट, चमचाभर तेल. गाळणी साधी, चहाची. एका वेळी 200 ते 250 मिली, उशाशी उंची देऊन, आणि नंतर नळी धुवायला पाणी. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

जाता जाता ईसबगोलाचा डबा दिसतो. मॉर्फिनने पोट गच्च होतं म्हणून शेजाऱ्यांनी सुचवलेला. ईसबगोलाला भरपूर पाणी लागतं. पाणी कमी जात असेल तर ते आतच फुगून घट्ट बसतं. डबा बंद होतो आणि डॉक्टर रेचक औषध लिहून देतात.

[दृश्य: पुन्हा लालबाग. सहा आठवड्यांनंतर.]

आजोबा आता दिवसाचा बहुतेक वेळ झोपून असतात. वजनकाटा मॅडमनी मागच्या खेपेलाच कपाटात ठेवायला लावला. फोडणीच्या वासानेही मळमळतं, म्हणून स्वयंपाक शेजारच्या खोलीत होतो. मधले काही दिवस बरे गेले. कैरीचं पन्हं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून त्याचे लहान खडे ते चोखायचे. एकदा सुकट मागितली. आजींनी कालवण केलं, त्यांनी नुसता रस्सा जिभेवर घोळवला आणि थुंकला. “झालं माझं,” म्हणाले. तो दिवस आजींनी वहीत लिहिलाय.

चार दिवसांपासून मात्र काही जात नाही. नातेवाईक येतात, सलाइन लावा म्हणतात. पुतण्या स्पष्टच बोलला, “काकूंनी उपाशी ठेवलं असं लोक म्हणतील.” आजींच्या मनात तेच आहे.

डॉक्टर सांगतात, या टप्प्यावर शरीर पाणी नीट वापरत नाही. सलाइनने अंगावर सूज चढू शकते, घशात कफ घरघरतो. जबरदस्तीने भरवलं तर घास श्वासनलिकेत जायची भीती. हे सगळं आजींनी ऐकून घेतलं. तरी त्यांचा हात पुन्हा वाटीकडे गेला.

मॅडम त्यांच्याशेजारी जमिनीवर बसतात. “आजी, ते खात नाहीत म्हणून खालावत नाहीयेत. आजार पुढे गेलाय, म्हणून भूक गेलीये. तुम्ही कमी पडला नाहीत.”

आजी म्हणतात, “मग मी आता करू काय?”

[दृश्य: गॉझचा छोटा तुकडा. ओठांचा जवळून दिसणारा कोपरा.]

भूक गेली तरी तोंड कोरडं पडतं. ओठ फुटतात, जीभ टाळ्याला चिकटते. गॉझचा तुकडा भिजवून, पिळून, ओठांवरून आणि जिभेवरून हलकेच फिरवायचा. दर तासाला. मग ओठांना साजूक तुपाचं बोट.

“पाण्यातच भिजवायचा का?”

“त्यांना आवडेल त्यात भिजवा.”

आजी उठतात. गॅस पेटतो. भांड्यात आलं, चहाची पूड. साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर आहे, आजींचा हात पोचत नाही. सून काढून देते. एक चमचा घालून आजी थांबतात, आणि आणखी अर्धा घालतात.